उपरण्याखालचा सौदा

बैलबाजारात दोन माणसं समोरासमोर बसली आणि एकाने खांद्यावरचं उपरणं काढून दोघांच्या हातांवर टाकलं, की तिसऱ्याने तिकडे बघायचं नाही. उपरण्याखाली बोटं बोलतात. एक बोट धरलं तर एक, चार धरली तर चार, सगळा पंजा म्हणजे पाच. ते दहा समजायचे की शंभर, हे जनावर बघून ज्याचं त्याला कळतं. तोंडाने दोघेही पाऊसपाण्याच्या, सोयरिकीच्या गप्पा मारत असतात आणि खाली भाव चढत-उतरत असतो. जमलं तर बोटं दाबायची, नाही जमलं तर हात काढून घ्यायचा. ठरलेला आकडा दोघांचा. दोघांच्या मर्जीशिवाय तो तिसऱ्याला सांगायचा नाही.

मी हेडी, म्हणजे बैलांचा व्यापारी. बापाने मला एक घोंगडं आणि त्याचा तापट स्वभाव दिला, बाकी सगळं मी कमावलं. मराठी चौथीनंतर शाळा सुटली. दुसऱ्यांचे बैल नेवाशाकडून चालवत नगरला आणायचे, हा माझा पहिला धंदा. चालता चालता जनावर कळायला लागलं. कोणता बैल उन्हात धापा टाकतो, कोणता नाल्याच्या पाण्याला बुजतो, कोणाला विकणारा आदल्या दिवशी पोटाची खळी भरेपर्यंत पाणी पाजून आणतो, हे मला जनावराच्या मागून चालून समजलं. पुढे माझी स्वतःची दावण झाली. भिंगारच्या बाजारात माझा हात धरायला लोक थांबून राहायचे. तोंडाने मी कडू आहे, हे मला ठाऊक आहे. हाताने मी कधी खोटा बोललो नाही.

ही गोष्ट लढाईच्या काळातली. बेचाळीस सालचा पोळा होऊन गेला होता. नगर आणि भिंगारच्या मधे किल्ला आहे. त्या किल्ल्यात देशातले मोठे पुढारी आणून ठेवलेत, अशी कुजबूज होती. सरकार काही सांगत नव्हतं, पण रस्त्यावरचे पहारे वाढले होते, त्यावरून ज्याने त्याने ओळखायचं. कुठे तारा तोडल्या जात होत्या, कुठे पत्रकं वाटली जात होती. भारत संरक्षण कायद्याखाली कोणालाही उचलता येतं, हे आम्ही ऐकून होतो. पण ते पुढाऱ्यांसाठी, असं आम्हाला वाटायचं. हेडी माणसाचा आणि राज्य उलथवण्याचा काय संबंध?

त्या बाजारी नेवाशाकडचे एक म्हातारे शेतकरी आपली खिल्लार जोडी घेऊन आले होते. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो. वयामुळे आता त्यांना एवढे तेज बैल आवरत नव्हते, म्हणून जोडी द्यायची होती. जोडी अशी, की मी लांबून बघितली आणि तोंड वाकडं केलं. आवडलेल्या बैलाकडे हेडी कधी हसून बघत नाही.

"काय आबा, ही गाढवं कुठून आणली?"

"गाढवं तर गाढवं. तुझ्याच जातीची हायती, संभाळशील नीट," आबा म्हणाले.

आम्ही लिंबाखाली बसलो. मी उपरणं टाकलं. आबांनी माझी बोटं धरली, मी त्यांची धरली. भाव अर्ध्यावर आला होता. तेवढ्यात एक माणूस आमच्या डोक्याशी येऊन उभा राहिला. अंगात साधे कपडे, पायात मात्र सरकारी बूट. शहरातून बदलून आलेला नवा फौजदार, हे मागाहून कळलं.

"काय देवाणघेवाण चाललीय?" त्याने विचारलं.

"बैल," मी म्हणालो.

"बैल कापडाखाली मावतो?"

आजूबाजूचे हसले. मी मान वर केली नाही. "मावतो. तुमच्या टोपीखाली मावत नसेल."

लोक आणखी हसले. आबांनी माझं बोट असं काही दाबलं, की तो भाव नव्हता, 'गप बस' होतं. पण उशीर झाला होता. फौजदाराने वाकून उपरणं ओढलं. आमच्या धंद्यात हात खाली असताना उपरणं कोणी ओढत नाही. भर बाजारात माणसाचं धोतर ओढावं तसं ते आहे. मी त्याचं मनगट धरलं. मारलं नाही, फक्त धरलं. तेवढं पुरलं.

चौकीत आम्हा दोघांना वेगवेगळं बसवलं. कोणत्या खुणा केल्या, कोणाला निरोप द्यायचा होता, किल्ल्याच्या रस्त्याला बाजार आहे म्हणूनच तिथे बसला होतात ना? मी म्हणालो, बाजार माझ्या जन्माआधीपासून तिथे आहे. मग आकडा सांग, म्हणाले. तो मी सांगितला नाही. आबांची बोटं त्यात होती, एकट्याने सांगायचा मला हक्क नव्हता. तिकडे आबांनाही तेच विचारलं. "उपरण्याखाली काय करत होता?"

"हात खाजत हुता," आबा म्हणाले.

म्हातारा म्हणून त्यांना सोडलं. मला ठेवलं.

पुढचं सांगताना अजून माझं डोकं फिरतं. मला कोणत्याही कोर्टापुढे उभं केलं नाही. एक इंग्रजी कागद आला. त्याचा अर्थ मला सांगितला तो असा, की सार्वजनिक सुरक्षिततेला बाध येईल असं तुझं वागणं आहे. कोणतं वागणं? ते लिहिलेलं नव्हतं. कोणी सांगितलं? तेही नव्हतं. मी माणसाला जनावर विकतो तेव्हा त्याची खोड सांगावी लागते. लाथ मारतो, बसतो, नांगराला अडतो. खोड लपवून विकलं तर पंच बसवून परत घ्यायला लावतात. सरकारने माझी खोड न सांगताच मला बांधून टाकलं. पंच म्हणून कोणाला बसवायचं?

पोलिसांचे मोठे साहेब देशावरचेच, कुणब्याच्या घरातले होते. त्यांनी मला बोलावून घेतलं आणि मधे टेबल असताना हळूच म्हणाले, "माझे वडीलही उपरण्याखालीच बैल घ्यायचे. मला माहीत आहे रे."

"मग सोडा."

"कागद वर गेलाय. आता माझ्या हातात नाही."

"तुमच्या हातात नाही, तर कोणाच्या आहे?"

त्यांनी समोरचे कागद आवरायला घेतले. मला वाटतं, त्यांनाही ते माहीत नव्हतं. त्या कायद्याचं मला सर्वांत भय वाटलं ते इथे. मी निर्दोष आहे हे ज्याला पटलं होतं, त्यालाही मला सोडता येत नव्हतं. दोषच ठेवलेला नव्हता, तर खोडून काय काढणार?

मला जिल्ह्यातल्या तुरुंगात हलवलं. इथे माझ्या आयुष्यात वकीलसाहेब आले. नगरचे जुने, बारीक आवाजाचे, पांढरी पगडी घालणारे ब्राह्मण गृहस्थ. एकदा त्यांच्या शेतासाठी मी बैल आणून दिला होता, एवढीच ओळख. त्या घासाघिशीत मी त्यांना बरंच तोडून बोललो होतो. तरी बायको त्यांच्या दारात गेली, तेव्हा ते लगेच उठले. त्या दिवसांत अशा कैद्याच्या कामाला हात घालायला भलेभले वकील कचरत होते. सनद जायची भीती होती, आपणच आत जायची भीती होती. माझ्या धंद्यातले सोबती तर माझ्या घरावरून जाताना मान दुसरीकडे करत होते. ज्यांच्याबरोबर मी एका घोंगडीवर झोपलो, त्यांच्यापैकी एकानेही बायकोला विचारलं नाही, की वैनी, कसं चाललंय. तो सल आहे आणि राहील. पण म्हणूनच त्या बारीक आवाजाच्या माणसाची किंमत मला जास्त कळली.

वकीलसाहेब दर आठवड्याला तुरुंगाच्या फाटकापर्यंत यायचे. बहुतेक वेळा भेट नाकारली जायची. मग ते बाहेर उभे राहून एक अर्ज द्यायचे. बायकोने मला सांगितलं, प्रत्येक अर्जात मागणं एकच असायचं: माझ्या अशिलाला कारण सांगा.

मग सरकारने भाव काढला. एका हमीपत्रावर सही करायची आणि सुटायचं. हमी दोन गोष्टींची. एक, यापुढे बाजारात कापडाखाली खुणा करणार नाही. दुसरी, भिंगारच्या हद्दीत पाऊल टाकणार नाही.

ऐकून मला खरं सांगायचं तर हुशारी आली. इतके दिवस भिंतीशी बोलत होतो, आता समोर गिऱ्हाईक बसलं होतं. पहिला भाव शेवटचा नसतो, हे मी कोळून प्यायलेला. मी म्हणालो, खुणा करत नाही, पण भिंगार सोडणार नाही. तुरुंगाचा अंमलदार म्हणाला, विचारून बघतो. मी मनात म्हटलं, उतरले.

त्याच सुमारास वकीलसाहेबांना भेट मिळाली. मी मोठ्या ऐटीत त्यांना माझी घासाघीस सांगितली. ते ऐकत राहिले. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या दावणीचा बैल चोराने सोडून नेला आणि बाजारात उभा केला. तुम्ही काय कराल?"

"त्याच्या टाळक्यात घालीन."

"घासाघीस करून विकत नाही घेणार?"

"माझाच बैल मी कशाला विकत घेऊ?"

"मग इथे काय चाललंय?" ते म्हणाले.

माझा भडका उडाला. मी ओरडलो, "तुम्ही संध्याकाळी घरी जाऊन वरणभात खाणार. तुम्हाला बोलायला काय जातंय?" दारावरचा शिपाई आत डोकावला. वकीलसाहेबांनी पगडी नीट केली.

"बरोबर बोललात," ते म्हणाले. "सही केलीत तर मी तुम्हाला कमी लेखणार नाही. मीच तुमचा कागद नेऊन देईन. फक्त एवढं समजून करा, की जे तुमचंच आहे, त्याचा तुम्ही भाव ठरवून देताय. एकदा भाव दिला की तो पुढच्यालाही द्यावा लागतो. तुमच्या मागून इथे येईल त्याच्याकडे ते थोडा जास्त मागतील."

हे मला लागलं. बाजार कसा बिघडतो हे मला कोणी शिकवायला नको होतं. एका अडल्या माणसाने पडत्या भावात जोडी दिली, की त्या दिवशी सगळ्यांच्या जोड्या पडतात. तरी मी सही करणार नाही असं लगेच म्हणालो नाही. मी बायकोला विचारीन, म्हणालो.

ती पुढच्या भेटीला आली. गजांपलीकडून मी तिला सगळं सांगितलं आणि म्हणालो, तू सांगशील तसं. आयुष्यात पहिल्यांदाच हे मी तिला म्हटलं असेल.

"अवं, सही करून आलात तर मग बैल कशानं घेनार? तोंडानं?"

"सगळेच आता तोंडाने घेतायत म्हणे."

"तुमच्या तोंडानं गिऱ्हाईक पळतं. तुमचा हातच बरा हाय. त्यो ऱ्हाऊ द्या." मग पदराने नाक पुसत म्हणाली, "दावन मी बघती. वैरन हाय. मी काय मेली न्हाई अजून."

मी सही केली नाही. यात माझं शौर्य थोडंच. ती 'या' म्हणाली असती तर मी गेलो असतो.

ज्वारी हुरड्याला आली तेव्हा एका सकाळी शिपायाने दार उघडलं आणि म्हणाला, जा.

"का?"

"का म्हणजे? सुटलास."

"धरलं का होतं?"

"अरे, तू जातोस का नाही?"

मी फाटकापाशी उभा राहून पुन्हा विचारलं. मला कारण पाहिजे होतं. आत राहण्याचं पाहिजे होतं, तसं सुटण्याचंही पाहिजे होतं. वकीलसाहेब बाहेर टांगा घेऊन थांबले होते. त्यांनी खाली उतरून माझा दंड धरला आणि त्या बारीक आवाजात म्हणाले, "आता टांग्यात बसा. कारण आपण बाहेर राहून मागू." वाटभर मी तोंड पाडून बसलो. टांगेवाल्याला वाटलं असेल, मी कोणा मयताला जाऊन आलो.

घरी निरोप ठेवला होता, की आबा येत्या बाजारी भिंगारला येणार आहेत. मला वाटलं, भेटायला येतील. गेलो तर म्हातारा त्याच लिंबाखाली, आणि शेजारी तीच खिल्लार जोडी. अंगावर हात ठेवला तर घसरावा, अशी निगा.

"आबा, विकली न्हाई?"

"कशी इकनार? हात सुटला कुठं हुता आपला?"

आमच्यात रीत आहे. हात ज्याचा त्याने काढला तर सौदा मोडतो. तिसऱ्याने उपरणं ओढलं तर मोडत नाही, तसाच राहतो. रीत मला माहीत होती, पण इतके महिने ती पाळायला कोणी सांगितलं होतं? म्हाताऱ्याला ते बैल आवरत नव्हते. एका बैलाने त्यांच्या पायाला लाथ मारलेली, पट्टी होती. गिऱ्हाइकं दारापर्यंत येऊन गेली होती. आबा त्यांना एवढंच सांगायचे, सौदा चालू हाय.

मी उपरणं काढलं आणि आजूबाजूला बघितलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की सगळ्या बाजारात एकाच्याही हातावर कापड नाही. लोक ओरडून भाव सांगत होते. कोणी बंदी केली नव्हती. हुकूम नव्हता, दवंडी नव्हती. मला उचललं, तेवढ्यावर सगळा बाजार आपणहून शहाणा झाला होता. काही लोक म्हणतात, झालं ते बरं झालं, उपरण्याखाली गरीब फसतो. फसत असेल. मग ते बाजाराने बसून ठरवावं, उघड भाव करा म्हणावं, मी भांडेन आणि पटलं तर मानीन. पण भिऊन सोडलेली रीत सुधारलेली नसते.

लांब एक पोलीस उभा होता. माझा हात उपरण्यासकट थांबला. एवढं रागीट माझं डोकं, पण त्या वेळी मी भ्यालो, हे मी कोणापासून लपवत नाही. तुरुंगाने मला तेवढं शिकवलं होतं.

आबांनी माझ्या हातातलं उपरणं घेतलं आणि स्वतःच दोघांच्या हातांवर टाकलं.

"घाल हात. कुनी इचारलं तर म्हन, म्हाताऱ्याला थंडी वाजती."

पोलीस जागचा हलला नाही. आजूबाजूचे चार जण मागे सरकले, तेवढंच. उपरण्याखाली आबांनी माझी बोटं नेमकी तशीच धरली, जशी ती फौजदाराने उपरणं ओढलं तेव्हा होती. तिथून पुढे आम्ही भाव केला. मी एक बोट वाढवलं, ते म्हाताऱ्याने खाली ढकललं. "तुरुंगातनं दानधर्म शिकून आला का रं?" ते म्हणाले. मी हसलो. बैल घेताना मी हसलो, असं त्या बाजारात पहिल्यांदाच घडलं.

त्या बाजारी आणखी एकाही जोडीवर उपरणं पडलं नाही. पुढच्या बाजारी एक पडलं. मग हळूहळू.

पुढे स्वराज्य आलं. मी पेढे वाटले आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत गेलो. म्हणालो, माझं कारण सांगा. कारकून म्हणाला, ते मागच्या सरकारचं. मी म्हणालो, कपाट तर तेच आहे. त्याने मला उद्या यायला सांगितलं. तसे पुष्कळ उद्या झाले. दरम्यान आपल्याच सरकारने सार्वजनिक सुरक्षिततेचा आपला कायदा केला, आणि ओळखीची माणसं पुन्हा कारणाशिवाय आत गेली. त्यात एक तर पूर्वी माझ्या शेजारच्या बराकीत होता. देशाला धोका असतो हे मला पटतं. चोरांची पाळत म्हणून मीही दावणीला राखण ठेवतो. पण राखणदारानेच घरच्या माणसाला बांधलं, तर का बांधलं हे त्याला सांगावं लागेल की नाही?

राज्यघटना पास झाल्याचं वर्तमानपत्र आलं, तेव्हा वकीलसाहेबांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. त्यांना दिसायला कमी झालं होतं. भिंग धरून त्यांनी मला वाचून दाखवलं, की यापुढे माणसाला पकडलं तर कारण सांगावं लागेल, त्याच्या पसंतीच्या वकिलाला भेटू द्यावं लागेल, चोवीस तासांत न्यायाधीशापुढे उभं करावं लागेल. मी त्यांचे पाय धरायला वाकलो.

"थांबा," ते म्हणाले. "खाली आणखी आहे." आणि त्यांनी पुढचं वाचलं. खबरदारी म्हणून ज्याला आधीच अडकवून ठेवायचं, त्याला यातलं बरंचसं लागू नाही. त्यालाही कारण सांगायचं, पण जे सांगणं लोकहिताचं नाही असं वाटेल ते नाही सांगितलं तरी चालेल.

"सौदा ठरल्यावर 'पण' म्हणायचं नसतं, वकीलसाहेब," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. "आमच्या बाजारात त्याला जोड्याने मारतात."

"चढवा आवाज," ते म्हणाले. "आधी मी ज्या कायद्याखाली अर्ज करत होतो, त्यात 'कारण सांगा' म्हणायला मला आधारच नव्हता. आता आधार आहे, आणि त्याला एक भोक आहे. ते बुजवायला भांडणारी माणसं लागतील. तुमच्याइतकं भांडकुदळ नगर जिल्ह्यात दुसरं कोण आहे?"

त्यांच्या सुनेने चहा आणला. त्यांनी बशीत ओतून घेतला आणि जरा चेष्टेने मला विचारलं, "इतकी वर्षं झाली. आता तरी सांगा. त्या दिवशी उपरण्याखाली किती बोटं होती?"

आबा तेव्हा हयात होते, पण नेवाशाला.

"नाही सांगत," मी म्हणालो.

वकीलसाहेब इतके हसले, की बशीतला चहा हिंदकळून वर्तमानपत्रावर सांडला. ते पुसता पुसता म्हणाले, "शाबास. हेच ऐकायचं होतं."

माझं कारण मला अजून मिळालेलं नाही. ते मागणं मी सोडलेलं नाही, आणि कचेरीतली नवीन पोरं मला बघून कपाळाला हात लावतात. पण ज्या बायकोने माझा हात राखला, ज्या म्हाताऱ्याने तो सोडला नाही, आणि ज्या बारीक आवाजाच्या माणसाने फाटकाबाहेर उभं राहून तो परत मागितला, त्यांचं मी देणं लागतो. त्यांच्याशी मी घासाघीस करत नाही.